गाडी अजून किती वर्षं ठेवायचीय?

नाशिकच्या द्वारकेजवळच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवरच्या पोराने नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारलं, "काका, गाडी अजून किती वर्षं ठेवायचीय?" त्याच्या बोलण्यात उद्धटपणा अजिबात नव्हता, त्याला फक्त आतून कुठला बॉक्स काढून आणायचा ते ठरवायचं होतं. रोज पन्नास लोकांना विचारत असेल तो हे. पण नाना एकदम गप्प झाले आणि वर खिळ्यांना लटकवलेले फॅन बेल्ट बघायला लागले, जसं काही आम्ही बेल्टच घ्यायला आलोय. मग मीच "दाखवा तर, बघू" म्हणून वेळ मारून नेली. त्याने दोन बॉक्स आणून ठेवले, आम्ही दोन्ही बघितले, किमती विचारल्या आणि काही न घेता बाहेर पडलो. घरी येईपर्यंत नाना एक शब्द बोलले नाहीत आणि माझ्या डोक्यातून तो प्रश्न काही केल्या जाईना. इंजिनचं पाणी थंड करणारा रेडिएटर घ्यायला गेलेल्या माणसाला हे विचारायचं का असतं, आणि विचारलं तर उत्तर द्यायला एवढं जड का जावं.

आमची गाडी 2006 ची पिकअप आहे. गिरणारेकडे आमची रोपवाटिका, त्या रोपवाटिकेचं वय आणि गाडीचं वय जवळपास सारखंच. टोमॅटो, मिरची, फ्लॉवर, सगळी रोपं ह्याच गाडीतून गेली. मे संपत आला की आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो, कारण पहिल्या पावसाच्या अंदाजाने सगळ्यांना एकाच आठवड्यात रोपं पाहिजे असतात. एका प्रो-ट्रेमध्ये 104 खड्डे, असे ट्रे मागच्या हौद्यात रॅक करून एकावर एक लावायचे, वरून शेडनेट बांधायची आणि ऊन चढायच्या आत पोचायचं. रोप म्हणजे दगड-विटा नाहीत, कोकोपीटमधली, म्हणजे नारळाच्या भुशातली, ओल गेली की तासाभरात माना टाकतात. त्यामुळे गाडीत कायम पाण्याचे दोन कॅन, एक रोपांना, एक गाडीला. ह्या वर्षी पेठ रोडला सावळ घाटाच्या चढाला इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला तसं नानांनी लाल पट्टीच्या बऱ्याच आधीच गाडी बाजूला घेतली, इंजिन लगेच बंद न करता थोडा वेळ तसंच फिरत ठेवलं, आणि मग आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे. बॉनेटखालून गोडसर जळका वास, कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं औषध, गरम पाईपवर पडला की येतो तो. मी शेडनेट उचलून रोपांवर पाणी मारत होते आणि नाना झाकणाकडे नुसते बघत उभे होते. गरम रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही हे आमच्या घरात लहान पोरालाही माहितीय, आत दाबाखाली पाणी असतं, झाकण सुटलं की सगळं उकळतं पाणी तोंडावर येतं.

मिस्त्रीने मात्र लगेच रेडिएटरला दोष दिला नाही, हे मला त्याचं आवडतं. तो म्हणाला आधी स्वस्तातलं बघू. पहिलं झाकण. लोकांना वाटतं झाकण म्हणजे झाकण, पण त्याच्या स्प्रिंगवर सगळा खेळ असतो. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर, इथे उघड्या भांड्यात पाणी 98 अंशाच्या आसपासच उकळतं. झाकणाने आत 0.9 बारचा दाब धरून ठेवला तर तेच पाणी साधारण 118 अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे स्प्रिंग मेली, रबर कडक झालं की वीस अंशांची सवलत गेली, मग रेडिएटर कितीही भारी असो. झाकण नवीन टाकलं, फरक थोडा पडला, पण पुरेसा नाही. मग थर्मोस्टॅट वॉल्व, इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा. तो उघडून बघितला तर जागेवर वॉल्वच नाही, कुठल्यातरी जुन्या मिस्त्रीने कधीतरी काढून टाकलेला. "वॉल्व काढा, गाडी थंड राहते" असं आपल्याकडे सर्रास सांगतात, पण मिस्त्रीचं म्हणणं असं की वॉल्व नसला की हिवाळ्यात इंजिन नीट गरम होत नाही, डिझेल जास्त खातं, आणि काही इंजिनांत तर वॉल्वशिवाय बायपासची वाट बंदच होत नाही, मग अर्धं पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात गोल गोल फिरत राहतं. तोही नवीन बसवला. बेल्ट ठीक, वॉटर बॉडी म्हणजे पाण्याचा पंप ठीक, फॅन ठीक. मग त्याने टॉर्च लावून रेडिएटरच्या पत्र्यांवर बोट फिरवलं आणि खालच्या बाजूचे पातळ पंख चुऱ्यासारखे गळून पडले. ट्यूबांच्या टोकांना पांढरा-हिरवा खार. "ताई, हा गेला," म्हणाला.

इथून पुढे खरी गंमत, म्हणजे निवडायचं काय.

दादाने रात्रीतून मोबाईलवर सगळं शोधून ठेवलं होतं. त्याचं म्हणणं सरळ, आता जग अॅल्युमिनियमवर गेलंय, आपणही जाऊ. ते खरंही आहे, 1970-80 च्या दशकांपासून गाड्यांच्या कंपन्यांनी हळूहळू तांब्या-पितळेचे रेडिएटर सोडले आणि अॅल्युमिनियमची जाळी, वर-खाली प्लॅस्टिकची टाकी, मध्ये रबराचं गॅसकेट, कडेने पत्रा दाबून बंद, असा माल यायला लागला. वजनाला हलका, कारखान्यात बनवायला सोपा, किमतीला कमी. मी मात्र अडून बसले होते की तांबं उष्णता जास्त चांगली वाहून नेतं, शाळेत शिकलोय ना आपण. आकडे बघितले तर तांब्याचे 400 च्या आसपास आणि अॅल्युमिनियमचे 235 च्या आसपास, म्हणजे जवळजवळ दीडपट-पावणेदोनपट. पण मिस्त्री म्हणाला की नुसत्या धातूवर काही ठरत नाही. तांब्याच्या रेडिएटरमध्ये ट्यूब आणि पंख शिसं-कथलाच्या डागाने, म्हणजे सोल्डरने, जोडलेले असतात आणि तो डाग उष्णता तेवढी चांगली नेत नाही, उलट अॅल्युमिनियमचा जोड भट्टीत एकजीव केलेला असतो आणि धातू हलका असल्यामुळे ट्यूब रुंद करता येतात, हवेला जास्त जागा मिळते. चांगल्या कंपनीचा अॅल्युमिनियम रेडिएटर थंड करायच्या कामात कुठे कमी पडत नाही. हे मान्य केलंच पाहिजे, आणि मी केलं.

मग काउंटरांच्या फेऱ्या. जुना रेडिएटर काढून पोत्यात गुंडाळून सोबत न्यायचा, हे बरं असतं, कारण नुसतं मॉडेल सांगून काही होत नाही. "टर्बो की साधं? एसी आहे का? वरचा पाईप डाव्या हाताला की उजव्या? खाली दोन कान आहेत का चार?" एकाच नावाच्या गाडीत वर्षावर्षाला बदल झालेले असतात, आरसी बुकवरचं वर्ष एक आणि आत बसलेला माल दुसरा असंही निघतं. एका दुकानात डब्यावर छान छापलेलं, चकचकीत, किंमत ऐकून दादाचे डोळे चमकले. मी तो उचलून बघितला. हातात इतका हलका लागला की बरं वाटायच्या ऐवजी शंकाच आली. पंखांवर नखाने हलकं दाबलं तर लगेच वाकले, आणि टाकीच्या कडेला जो पत्रा दाबून बसवलेला असतो त्याच्या दातांमधलं अंतर कमी-जास्त होतं, एका ठिकाणी तर दात नीट बसलाच नव्हता. अशाच जागेतून सहा महिन्यांत पाणी झिरपायला लागतं. दुसऱ्या दुकानात कंपनीचा ओरिजिनल होता, दात एकसारखे, जाळी घट्ट, वॉरंटीचं कार्ड, आणि किंमत लोकलच्या जवळपास दुप्पट. तिथेच तो प्रश्न आला. त्या पोराचं गणित बरोबरच होतं. वर्ष-दोन वर्षांत गाडी काढायची असेल तर लोकल टाका, ठेवायची असेल तर ओरिजिनल घ्या. पुढच्या माणसाच्या गळ्यात मारायचं असेल तर पैसे कशाला घालायचे, हे तो बोलला नाही पण त्यात ते होतंच.

दोन दिवसांनी नाना मला म्हणाले, "चल, जरा चाचांकडे जाऊन येऊ." वडाळा नाक्याच्या बाजूला चाचांचं रेडिएटरचं दुकान आहे, दुकान कसलं, पत्र्याची शेड, पुढे सिमेंटचा पाण्याचा हौद, भिंतीला टेकून ठेवलेल्या ट्रक-ट्रॅक्टरच्या जुन्या जाळ्या. नाना आणि चाचा एकमेकांना खूप वर्षं ओळखतात, "क्या नाना, गाडी अभी भी है?" "है ना, जाएगी किधर." एवढ्यावर चहा आला. चाचांनी आमचा रेडिएटर घेतला, दोन्ही तोंडांना रबरी बूच ठोकले, तिसरीकडून हवेचा पाईप लावला आणि हळूच हौदात बुडवला. आधी नुसता गाळ वर आला, तपकिरी, मग पाणी निवळलं आणि खालच्या डाव्या कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक सरळ रेघ वर यायला लागली. मग दुसऱ्या जागेवरून. मग मधल्या ओळीत एकदम चार-पाच ठिकाणांहून. चाचांनी खडूने खुणा करायला सुरुवात केली आणि मधेच खडू ठेवून दिला. "इसमें डाग नहीं लगेगा अब, जाली खतम. टंकी अच्छी है लेकिन. पीतल की है, आजकल कहाँ मिलती."

शेजारी त्यांचा पोरगा एका ट्रॅक्टरच्या टाकीला डाग देत होता. तापलेलं हत्यार त्याने नवसागराच्या वडीवर घासलं आणि पांढरा धूर उठला, नाकात एकदम झोंबला, आणि मला थेट भांडी बाजार आठवला. लहानपणी आजीबरोबर जायचे मी, रविवार कारंज्याकडून खाली उतरलं की आधी सराफ बाजार आणि मग पितळ-तांब्याच्या हंड्या, घंगाळं, बंब, आणि पलीकडे तांबट लेनमधून सतत ठोक्यांचा आवाज. आजीचा पाण्याचा हंडा तळाला गळायला लागला की ती तो फडक्यात बांधून घेऊन यायची, तिथल्या तिथे डाग देऊन, आत-बाहेर घासून परत. गोदावरीला पूर आला की ह्याच बाजारात पाणी शिरतं, दुकानदार रात्रीतून माल वर चढवतात, आणि पाणी उतरलं की चिखलातून काढलेली तांब्याची भांडी धुऊन परत दुकानात लागतात. हे सगळं मी चाचांच्या शेडमध्ये उभी राहून आठवत होते आणि नाना तिकडे टाकीवरून हात फिरवत होते. मला बरंही वाटत होतं आणि थोडी भीतीही, की जुन्याच्या ओढीने आपण पैसे भलतीकडे तर घालत नाही ना. वास आवडला म्हणून कुणी रेडिएटर घेत नाही.

म्हणून मी चाचांना खोदून खोदून विचारलं. त्यांचा सल्ला असा की पितळी टाक्या आहेत त्याच ठेवायच्या, मध्ये तांब्याची नवीन जाळी टाकायची. खर्च ओरिजिनल अॅल्युमिनियमपेक्षा जास्त, लपवाछपवी नाही. नानांनी लगेच विचारलं, ट्यूबांच्या दोन ओळींच्या जागी तीन ओळींची जाळी टाकली तर? मलाही वाटलं, टाकतोच आहोत तर जाड टाकू, घाटाला बरं. चाचा उठले, आमच्या गाडीपाशी आले आणि फॅनचं पातं आणि रेडिएटरची जागा ह्यांच्यामध्ये आडवी बोटं घालून दाखवली. जेमतेम दोन बोटं. जाळी जाड झाली की ती जागा जाते, इंजिन जोरात हललं, खड्ड्यात आदळलं की पातं जाळीत. शिवाय जाड जाळीतून हवा ओढायला फॅनला जास्त जोर लागतो, घाटात गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळू चाललेली असते, समोरून हवा येतच नाही, सगळा भार फॅनवर. मग पंख जवळजवळचे टाका म्हटलं, तर त्याचंही उत्तर तयार. आमची गाडी फिरते शेतात, बांधावर, वाळलेल्या गवताची कुसळं, किडे, कोकोपीटचा भुसा, हे सगळं पंखांमध्ये अडकतं. जुन्या जाळीत पुढून बघितलं तर निम्म्या जागेत उजेडच दिसत नव्हता. पंख जवळ असले की लवकर चोंदतात आणि धुताना निघत नाहीत. जसं कंपनीने दिलं होतं तसंच, ह्यावर चाचा ठाम. मला हे फार पटलं. धंदा करणारा माणूस महागाचं सोडून मापाचं सांगतो तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आणि खरं कारण पाण्याचं होतं. आमच्या गाडीत आजपर्यंत काय काय पाणी पडलंय ते देवाला ठाऊक, रोपवाटिकेच्या बोअरचं, पेठ रोडच्या हातपंपाचं, कुणाच्या विहिरीचं, एखाद्या ओढ्याचं. बोअरच्या पाण्यातला क्षार गरम जागी जास्त बसतो, म्हणून इंजिनच्या आत आणि ट्यूबांमध्ये पांढरा थर धरतो, घरातल्या गीझरच्या कॉईलवर धरतो तसा. अॅल्युमिनियमला कूलंट लागतोच, त्यातली गंज रोखणारी औषधं नसली की आतून खड्डे पडतात. तांबं-पितळ साध्या पाण्याला थोडं जास्त सोसतं, आणि गळलंच तर सुरगाण्याला, पेठला, कुठेही डाग देणारा मिळतो. प्लॅस्टिकची टाकी रस्त्यात तडकली तर टो करून आणण्याशिवाय इलाज नाही, आणि मागे ट्रेमध्ये रोपं. शहरातल्या माणसाची, रोज कॉलेज रोडवर फिरणारी गाडी असती तर मी डोळे झाकून ओरिजिनल अॅल्युमिनियम घ्या म्हटलं असतं. आमच्या गाडीला ते बरोबर नव्हतं. तरी कूलंटचं मी घरात भांडून ठरवून घेतलंय, की तांबं आहे म्हणून वाटेल ते ओतायचं नाही, निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर. कूलंट म्हणजे फक्त उन्हाळ्याचं काम असं लोक समजतात, पण आपल्या निफाडला थंडीत पारा पाच अंशांच्याही खाली जातो, द्राक्षवाले रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतात, तिकडे भल्या पहाटे माल न्यायचा आणि पारा शून्याखाली गेला तरी हेच कूलंट पाणी गोठू देत नाही. एकच सांभाळायचं, कॅन उघडा ठेवायचा नाही, चवीला गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात.

दादा मात्र चिडला. त्याचं म्हणणं, ह्या पैशात नवीन गाडीच्या डाऊन पेमेंटचा तुकडा झाला असता. आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी पेठ रोडच्या आरटीओत फिटनेसला उभं करायचं, त्याआधी हे कर, ते कर. भिवंडीहून ट्रे आणि कोकोपीट आणताना कसारा घाट चढायची भीती होती ती आता राहिली नाही, जून 2025 मध्ये समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाल्यापासून सुमारे 8 किलोमीटरच्या बोगद्यातून माणूस सुळकन वर येतो, मग एवढा जीव ओतायचा कशाला. त्याचं एकेक वाक्य खरं आहे. पण तो जे बोलत नाही ते मला दिसतं, आणि बहुतेक नानांनाही. दादाला नानांनी घाटात गाडी चालवायला नको आहे. नवीन गाडी आली की ती दादा चालवेल, किंवा ड्रायव्हर ठेवू, नाना घरी बसून ऑर्डर लिहून घेतील. नाना नवीन गाडीच्या स्टिअरिंगला हात लावणार नाहीत, हे आम्हा सगळ्यांना माहिती आहे. ह्या गाडीचा मात्र आवाज बदलला तरी त्यांना काट्याच्या आधी कळतं, सावळ घाटात मला काटा दिसायच्या आधीच त्यांचा पाय ढिला झाला होता. म्हणजे त्या काउंटरवरच्या पोराने गाडीचं वय विचारलं आणि नानांना त्यात स्वतःचं ऐकू आलं. नाना अजून किती वर्षं चालवणार, एवढाच तो प्रश्न होता.

दादाची काळजी खोटी नाही. रात्री पेठहून यायला उशीर झाला की मीही दारात येरझाऱ्या घालते. पण रेडिएटर हलका घेऊन, मुद्दाम दोन वर्षांचा माल बसवून, वडिलांना न सांगता त्यांची गाडी संपवायची, हे मला मान्य नाही. बोलायचं असेल तर समोर बसून बोला, डोळे तपासा, रात्रीचा घाट बंद करा, पोराला सोबत पाठवा. मी दादाला हेच सांगितलं आणि आमचं दोघांचं त्यावरून वाजलं. मग आई मध्ये पडली आणि एवढं ठरलं की अंधार पडल्यावर नाना घाटात गाडी नेणार नाहीत. नानांनी ते कुरकुर न करता मान्य केलं, ह्याचं आम्हा सगळ्यांनाच आश्चर्य वाटलं.

जाळी बसली. तांब्याचा रंग आता दिसत नाही, चाचांनी काळा रंग मारून दिलाय, पातळ हाताने, कारण जाड रंगाचा थर उष्णता अडवतो. होज पाईप दोन्ही नवीन घेतले, क्लॅम्पही, कारण जुने पाईप दाबले की आतून करकर वाजत होते. मिस्त्रीने सगळी हवा काढली, पुढची चाकं थोडी वर घेऊन, झाकण उघडं ठेवून, इंजिन चालू ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहिला. काटा आता मध्याच्या खाली असतो, चढालाही. दादाने अजून त्या गाडीला हात लावलेला नाही, पण परवा त्याने स्वतःहून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणून सीटमागे ठेवला आणि त्यावर मार्करने लिहिलं, "रोपांना नाही".